पाचर

ताशी ७५ किलोमीटरपर्यंत काही नसायचं. काटा ७८च्या आसपास आला की आधी आतला आरसा धूसर व्हायचा. मागून येणाऱ्या गाडीचे दोन दिवे लांबट होत एकमेकांत मिसळायचे. मग ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या, लिव्हरची मूठ किणकिणू लागायची, आणि तिच्या मागोमाग सीटखालून एक थरथर वर यायची, मांड्यांतून थेट पाठीच्या कण्यात. ८५ला ती ऐन भरात असायची. त्यापुढे जाऊन बघायचं मन व्हायचं नाही.

माझी ही फोर बाय फोर तीस वर्षांहून जुनी आहे. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड हौसिंग (दोन चाकांना जोडणारं ॲक्सलचं पोलादी कवच), चारही चाकांवर पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). मी तिचा तिसरा मालक. माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी पाटे बदलून ती साधारण ५ सेंटिमीटर उंच केली होती. जुन्या गाडीचे आवाज हळूहळू अंगवळणी पडतात. तिसऱ्या गिअरची शिट्टी, दाराच्या कडीची खडखड, थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं. त्यांची इतकी सवय होते की एखादा आवाज थांबला तर चुकल्यासारखं होतं. ही थरथर मात्र अंगवळणी पडेना. सोबत बसलेलं माणूस बोलता बोलता गप्प व्हायचं आणि दाराच्या वरची मूठ धरायचं, ते मला फार लागायचं.

शिवाय थरथर जिथून निघते तिथेच थांबत नाही. नट सैल होतात, ट्रान्सफर केसच्या मागच्या बेअरिंगला सतत मार बसतो, ऑइल सीलचे ओठ झिजतात. एका सकाळी गाडीखाली वाकलो तर पिनियनच्या, म्हणजे मागच्या हौसिंगमध्ये जोर आत नेणाऱ्या दातेरी दांड्याच्या, तोंडाशी तेलाचा ओला घेर होता, आणि धूळ बसून तो काळा पडला होता. त्या घेराकडे बघताना वाटलं, गाडी कधीची सांगते आहे, आपणच ऐकत नाही.

सुरुवात चाकांपासून केली. चिखलात फिरणाऱ्या गाडीची थरथर शोधायची तर पहिलं काम रिमची आतली बाजू बघणं. तिथे चिखल बसतो, वाळतो आणि विटेसारखा घट्ट होतो. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, आणि आत एका बाजूला पाव किलोची ढेप चिकटलेली असते. माझ्या पुढच्या डाव्या चाकात ती होतीच. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढली, चारही चाकं आतून धुतली, बॅलन्सिंग करून घेतलं. स्टिअरिंगचं डुलणं गेलं. सीटखालची थरथर जशीच्या तशी राहिली.

इथे मला एक गोष्ट कळली, जी आधी कळायला हवी होती. माझ्या गाडीत दोन वेगवेगळ्या थरथरी एकमेकींवर बसल्या होत्या. हातात येणारी सहसा पुढच्या चाकांची, आणि बुडाखाली येणारी मागच्या बाजूची. दोन्ही एकच समजून कारण शोधत राहिलो असतो तर जन्मभर सापडलं नसतं.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थरथर बरीच उतरायची, आणि पुन्हा दाबला की लगेच हजर व्हायची. दुसरी जास्त विचित्र होती. मागे सामान भरून मुक्कामाला निघालो की गाडी शांत चालायची, रिकामी परतताना थरथरायची. भरलेली गाडी रिकामीपेक्षा सुखात चालते, याचा अर्थ तेव्हाच लावायला हवा होता. मी ते वहीत टिपून ठेवलं आणि पान उलटलं.

कारण डोक्यात एकच गोष्ट बसली होती: प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे ट्रान्सफर केसपासून मागच्या पिनियनपर्यंत जोर नेणाऱ्या फिरत्या नळीचे, क्रॉस गेले असणार. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो. त्याच्या चार बाहूंवर चार टोप्या बसतात, आणि प्रत्येक टोपीत सुईसारखे बारीक रोलर असतात. हौसिंग खड्ड्यात वर-खाली होत असताना शाफ्टला फिरता फिरता वाकायची मुभा हाच सांधा देतो. मी शाफ्ट हाताने पिरगाळून पाहिला. टक्. मागच्या टोपीच्या कडेला लालसर भुकटी जमली होती. ग्रीस संपलं आणि पोलाद पोलादावर घासू लागलं की ती अशी बाहेर येते, जवळजवळ हळदी-कुंकवाच्या मधल्या रंगाची.

शाफ्ट उतरवला, लॉक काढले, टोप्या ठोकून बाहेर घेतल्या. जुना क्रॉस पुसून उजेडात धरला तेव्हा बाहूवर समांतर खाचा दिसल्या, एकीला लागून एक, प्रत्येक सुईची एक. अंगठ्याचं नख फिरवलं तर अडत गेलं. वर्षानुवर्षं त्या सुयांनी एकाच जागी उभं राहून आपापल्या खोबणी कोरल्या होत्या. अशा खाचा पडायचं एक कारण असंही असतं की सांधा अजिबात वाकत नाही. पूर्ण सरळ रेषेतल्या सांध्यात सुया फिरत नाहीत, एकाच जागी दाबल्या जातात. म्हणूनच सांध्याला अर्धा-एक अंश तरी वाक असावा असं जाणते सांगतात. अगदी सरळ असणं इथे आजारपण आहे. माझा मागचा सांधाही गरजेपेक्षा फारच कमी वाकत होता, पण त्या संध्याकाळी मला फक्त झिजलेला क्रॉस दिसत होता.

नवे क्रॉस घातले, ग्रीस भरलं, शाफ्ट चढवला. रिव्हर्स टाकताना येणारा ठोका गेला. आणि थरथर? ती आता ४०लाच सुरू झाली.

मी पुरता खचलो. ज्यांच्याकडे मी नेहमी गाडी नेतो त्या मिस्त्रींना बोलावलं. वयस्कर गृहस्थ, बोलणं मोजकं. ते गाडीखाली गेले, शाफ्टच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या टोकाकडे, आणि तिथूनच विचारलं, "काढताना खूण केली होती का?"

"कसली खूण?"

"शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले होते ना तुम्ही?"

केले होते. शाफ्टच्या मध्ये दात्यांचा सरकता जोड असतो, हौसिंग हललं की लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून. ग्रीस लावायला मी तो ओढून वेगळा केला होता आणि अंदाजाने परत बसवला होता. माझ्या शाफ्टला १६ दाते आहेत, म्हणजे एका दात्याची चूक झाली तर २२.५ अंशांची चूक. मिस्त्रींनी हात लांब करून मला दाखवलं: पुढचा योक, म्हणजे क्रॉस धरणारा शाफ्टचा दोन शिंगांचा भाग, उभा होता आणि मागचा जरासा कलंडलेला. दोन्ही एका पातळीत हवेत. त्यांनी जोड काढला, एक दाता फिरवून बसवला, खिशातून पांढरा खडू काढून दोन्ही भागांवरून एक रेघ ओढली. "आता ही रंगाने पक्की करा," एवढंच म्हणाले.

४०ची थरथर गेली. ७८ची परत आली, म्हणजे आम्ही होतो तिथेच आलो. पण त्या खडूच्या रेघेने माझा विचार करायचा रस्ता बदलला. एकही भाग खराब नव्हता. सगळं नवं होतं. फक्त एक टोक दुसऱ्या टोकाशी जुळत नव्हतं, आणि तेवढ्याने अख्खी गाडी हादरत होती.

त्या रात्री बसून हा सांधा नीट समजून घेतला. त्याला कार्डन जॉइंट म्हणतात, इटालियन विद्वान जिरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) याच्या नावावरून. इंग्रजीत हूक्स जॉइंटही म्हणतात, रॉबर्ट हूकवरून, ज्याने १६७६मध्ये त्याचं वर्णन छापलं. मला भावली ती हूकची गोष्ट. हा सांधा वाकवून फिरवला की एका बाजूला एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे रेंगाळते. सूर्यघड्याळाच्या तबकडीवर सावलीही अशीच असमान सरकते, आणि हूकने या सांध्याचा तोच गुण सूर्यघड्याळाच्या कामी लावून दाखवला होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याचा त्याला उपयोग सापडला, तेच माझ्या सीटखाली त्रास देत होतं.

किती असमान? सांधा २० अंशांत वाकला असेल तर पलीकडचा शाफ्ट कधी सुमारे ६ टक्के जास्त वेगाने आणि कधी सुमारे ६ टक्के कमी वेगाने फिरतो. ७ अंशांत हा फरक १ टक्क्याहूनही कमी. ऐकायला नगण्य वाटतो, पण शाफ्ट सेकंदाला पस्तीस-चाळीस फेरे घेत असतो, आणि तो १ टक्का प्रत्येक फेऱ्यात दोनदा बसतो.

यावरचा इलाज सांध्यातच दडलेला आहे. दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा लावायचा. पहिल्याने जे बिघडवलं ते दुसरा उलटं करून सरळ करतो. पहिला पुढे धावला की दुसरा मागे रेंगाळतो, आणि पिनियनपाशी पोचेपर्यंत गती पुन्हा एकसारखी होते. मधला शाफ्ट बिचारा धावतो-रेंगाळतो, पण टोकं शांत राहतात. याला दोन अटी आहेत. दोन्ही योक एका पातळीत हवेत, ती खडूची रेघ. आणि दोन्ही सांधे सारख्याच कोनात वाकलेले हवेत. पहिली अट मी मोडून पाहिली होती. दुसरीकडे अजून बघितलंच नव्हतं.

तरी लगेच कोन मोजायला गेलो नाही. आधीची घाई आठवत होती. आता अंदाजाने काही उघडायचं नाही, गाडीलाच विचारायचं, असं ठरवलं होतं.

माझे टायर ३१ इंची, म्हणजे घेर साधारण २ मीटर ४७ सेंटिमीटर. ताशी ८०ला गाडी सेकंदाला २२ मीटरहून थोडी जास्त जाते, म्हणजे चाक सेकंदाला ९ फेरे घेतं. मागच्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.१, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे, म्हणजे शाफ्टचे सेकंदाला ३७ फेरे. मग हिशेब सोपा होतो. थरथर सेकंदाला ९ वेळा असेल तर चाक, टायर, रिम. ३७ वेळा असेल तर शाफ्ट, आणि तोही बहुधा बॅलन्स बिघडलेला किंवा वाकडा. ७४ वेळा, म्हणजे फेऱ्याला दोनदा असेल तर सांध्यांचे कोन. फोनमधल्या सेन्सरने हे मोजता येतं. फक्त तो सेकंदाला १५०हून जास्त नोंदी घेणारा हवा, नाहीतर ७४ त्याला दिसतच नाही आणि तो भलताच आकडा दाखवतो. फोन दोन्ही सीटच्या मध्ये पत्र्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि ८०वर गाडी स्थिर धरली.

आलेखात एक उंच सुळका आला, ७४ला. शेजारी ३७ला एक छोटा.

इथेही एक चकवा होता, आणि त्यात मी एक अख्खा दिवस घालवला. चौथ्या गिअरला माझी गाडी थेट चालते, इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. इंजिन चार सिलिंडरचं, त्यामुळे एका फेऱ्यात दोन स्फोट. म्हणजे ८०ला इंजिनही सेकंदाला ७४ धक्के देतं! मी इंजिनाच्या रबरी बैठकी (फाउंडेशन) तपासत बसलो. मग सुचलं की गिअर बदलून बघावं. तोच ८०चा वेग, पण तिसऱ्या गिअरमध्ये. इंजिनाचे फेरे वाढले, त्याचा सुळका आलेखात उजवीकडे सरकला. ७४चा मात्र जागचा हलला नाही. पाचव्यात इंजिनाचा डावीकडे गेला, ७४चा तिथेच. वेगाला बांधलेली आणि इंजिनाला न बांधलेली अशी ती थरथर उघडी पडली. हा गिअर बदलायचा प्रयोग कुणालाही करता येतो. फोनही लागत नाही, बुडाखालचा पत्रा पुरतो.

शेवटची खात्री करायला मागचा शाफ्टच उतरवला. पुढचे हब लॉक केले, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडली, ट्रान्सफर केस फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या स्थितीत) टाकली आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालवली. मागचा शाफ्टच नसल्यामुळे पक्क्या रस्त्यावरही पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ओढाताण होत नाही. पण इथे एक धोका आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्यासारख्या काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एका ड्रमवर असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असला तरी मागची चाकं मोकळी, आणि गाडी गिअरमध्ये ठेवली तरीही मोकळी. खाली झोपून शेवटचा बोल्ट काढणाऱ्या माणसाच्या अंगावर गाडी सरकू शकते. चाकांच्या दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे ठोकून बसवल्याशिवाय मी आता पान्याला हात लावत नाही.

८०, ८५, ९०. आरशात मागच्या गाडीचे दिवे गोल आणि स्वच्छ. लिव्हरची मूठ गप्प. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझ्याच गाडीत वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

आता कोन. शाफ्ट पुन्हा चढवला, खडूची रेघ जुळवून, आणि चुंबकाचं अंशमापक घेऊन खाली गेलो. गाडी जमिनीवर, चारही चाकांवर उभी असताना मोजायचं. जॅक लावून घोडीवर चढवली की हौसिंग खाली लोंबतं आणि कोन खोटे येतात. शाफ्टखाली सरपटत जायला त्रास होतो, पण तो घ्यावाच लागतो. जमीन किंचित उतरती असली तरी बिघडत नाही, सगळ्या आकड्यांत तेवढाच फरक पडतो आणि वजाबाकीत निघून जातो.

ट्रान्सफर केसचा दांडा मागे ३ अंश खाली झुकलेला. शाफ्टचा उतार १० अंश. म्हणजे पुढचा सांधा ७ अंश वाकलेला. पिनियनचं नाक ७.५ अंश वर. म्हणजे मागचा सांधा फक्त २.५.

पुढे ७, मागे २.५. दुसऱ्या सांध्याने पहिल्याचं बिघडवलेलं निस्तरायचं, तर त्याला तेवढं वाकूच दिलेलं नव्हतं.

आणि मग वहीतल्या त्या दोन नोंदी एकदम बोलू लागल्या. ॲक्सिलरेटर दाबला की चाकं पुढे रेटतात, आणि हौसिंग पाट्यांना पीळ देऊन पिनियनचं नाक आणखी वर उचलतं. आधीच वर असलेलं नाक आणखी वर, म्हणजे फरक आणखी मोठा. पाय काढला की नाक खाली येतं आणि फरक घटतो. मागे सामान भरलं की गाडीची मागची बाजू बसते, ट्रान्सफर केसचा दांडा थोडा जास्त झुकतो, शाफ्टचा उतार कमी होतो. दोन्ही कोन घटतात आणि जवळही येतात. गाडीने दोन महिन्यांपूर्वीच सगळं सांगून ठेवलं होतं.

पिनियन इतका वर का? टॉर्च घेऊन पाटा आणि हौसिंगच्या बैठकीच्या मधली जागा बघितली. चिखलाचा थर होता. तारेच्या ब्रशने घासला तर खालून एक फिकट कड निघाली, पुढून जाड आणि मागे निमुळती होत गेलेली. दुसऱ्या बाजूलाही तशीच. ५ अंशांची पाचर, दोन्ही पाट्यांवर एकेक.

ती घालणाऱ्या माणसाचा विचार मी बराच वेळ केला. त्याने निष्काळजीपणे काही केलं नव्हतं. गाडी ५ सेंटिमीटर उंच केली की शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्ट जितका आखूड तितका जास्त. माझा शाफ्ट ८० सेंटिमीटरचा आहे, त्याला ५ सेंटिमीटरमागे साडेतीन अंशांच्या वर फरक पडतो. दीड मीटरच्या शाफ्टला दोनच्या आसपास पडला असता. आखूड, चपळ गाड्या डोंगरवाटांवर चांगल्या, पण उंच केल्या की त्यांनाच हा त्रास जास्त होतो. कोन वाढलेले बघून त्याला वाटलं असणार की पिनियनचं नाक वर करून शाफ्टकडे वळवावं, म्हणजे मागचा सांधा सरळ होईल. हा सल्ला खरा आहे, पण दुसऱ्या प्रकारच्या शाफ्टसाठी. ट्रान्सफर केसच्या बाजूला पाठोपाठ दोन क्रॉस असलेला दुहेरी सांधा असेल तर बिघाड आणि इलाज दोन्ही त्या एका जागीच होऊन जातात. मग पिनियनने जवळजवळ सरळ शाफ्टकडे बघायचं असतं, फक्त एखादा अंश खाली, कारण जोर आला की तो वर येणारच. त्याने पाचरी घातल्या, पण दुहेरी सांध्याचा शाफ्ट घातलाच नाही. कदाचित पुढे घालणार असेल आणि राहून गेलं असेल. त्याने कुठे दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर!

पाचरी काढायला अर्धा दिवस गेला. पाटे हौसिंगला बांधणारे यू-बोल्ट गंजून बसले होते, नवे लागले. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट पाचरीसाठी लांब घातलेला होता, तोही बदलला. यू-बोल्टचे चार नट आलटून-पालटून, कोपऱ्याकोपऱ्याने आवळायचे, आणि शेवटचा आवळ गाडी चाकांवर उतरवल्यावर द्यायचा. पाटे नव्या जागी बसायला थोडे किलोमीटर घेतात, म्हणून शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. हा शेवटचा फेरा बरेच जण विसरतात, आणि मग सेंटर बोल्ट तुटतो.

परत मोजलं. पिनियन २.५ अंश वर. त्याचं नाक खाली आल्यामुळे शाफ्टचा उतार वाढून ११.५ झाला. पुढचा सांधा ८.५, मागचा ९.

दोन्ही आकडे आधीपेक्षा मोठे होते. मी ते वहीत लिहिले आणि पुन्हा पुन्हा बघितले, कारण पोटात धाकधूक होती. इतके दिवस मी वाढलेल्या कोनालाच दोष समजत होतो, आणि आता दोन्ही कोन वाढवून ठेवले होते. मागचा मुद्दाम अर्धा अंश जास्त सोडला होता, जोर आल्यावर पिनियन वर येईल तेव्हा बरोबरी व्हावी म्हणून. आखूड शाफ्टवर याहून जास्त उंची मी कधीच वाढवणार नाही. दोन्ही कोन जुळले तरी मधला शाफ्ट फेऱ्यात दोनदा धावत-रेंगाळत असतोच, आणि कोन फार मोठे झाले की त्याचं ते धावणंही जाणवायला लागतं.

पहाटे रस्ता रिकामा असताना निघालो. ७०. ७५. हात नकळत घट्ट झाले होते. ७८. ८०. आरशात मागची झाडं एकेक करून वेगळी दिसत होती. ८५ला मी लिव्हरच्या मुठीवर तळहात ठेवला. ती कोमट होती आणि शांत होती. मी बाजूला घेऊन गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

फोनच्या आलेखात ७४चा सुळका जवळजवळ झोपला होता. ३७चा छोटा तसाच उभा होता, मोठ्याच्या आडोशाला लपलेला. ९०च्या पुढे तो बारीक गुणगुणत राहायचा. शाफ्टची नळी चिंधीने स्वच्छ पुसली तेव्हा एका जागी नखाएवढा चौकोनी डाग दिसला, कडेला वेल्डिंगचे दोन टिपके. तिथला बॅलन्सचा तुकडा कधीतरी दगडाला लागून उडाला होता. घरच्या घरी अंदाज घ्यायचा एक जुना उपाय आहे: नळीवर दोन होज क्लिपा आवळायच्या, त्यांच्या स्क्रूची जड डोकी एका जागी ठेवून गाडी फिरवायची, मग पाव-पाव फेरा सरकवत चार जागा बघायच्या. जिथे सगळ्यांत कमी थरथर तिथे खूण करायची, आणि दोन्ही डोकी एकमेकांपासून थोडी लांब नेत बारीक जुळवायचं. माझ्या क्लिपा त्या डागापासून बोटभर अंतरावर येऊन स्थिरावल्या. पुढे शाफ्ट यंत्रावर नेऊन रीतसर बॅलन्स करून घेतला, तेव्हा तिथेच तुकडा जोडावा लागला. ते बघून मला झालेला आनंद कुणाला समजावून सांगणं कठीण आहे.

पिनियनचं सील बदललं. घेर पुन्हा आलेला नाही.

दोन्ही पाचरी धुऊन, तेलाचा हात फिरवून फळीवर ठेवल्या आहेत. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, जिथे पुढच्या माणसाचं लक्ष जाईलच अशा ठिकाणी, पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं आहे: ट्रान्सफर केस ३ खाली, शाफ्ट ११.५, पिनियन २.५ वर. पाचर काढली आहे, एकेरी सांध्यांच्या शाफ्टवर पुन्हा घालू नये. शाफ्टवरची रेघ जुळवून बसवणे. खाली तारीख टाकली आहे, आणि रंग वाळेपर्यंत बॉनेट उघडंच ठेवलं होतं.